चार बोटं माती

बर्फाच्या कारखान्यात रात्रभर वीज नव्हती, म्हणून सकाळी साडेसहाला एकच लादी उरली होती. त्या लादीच्या दोन टोकांना दोन माणसं उभी होती.

"ही माझी आहे. मी रोज नेते," ती म्हणाली.

"रोज नेता, म्हणजे एक दिवस सोडायला हरकत नसावी." तो उंच होता, झोपमोड झालेला, काखेत थर्मोकोलची पेटी. "मला गुरांची लस न्यायची आहे. तुम्हाला कशाला हवाय?"

नेमका हाच प्रश्न तिला नको होता. "रोपाला."

"रोपाला... बर्फ?"

तो हसला नाही. नुसती एक भुवई वर गेली. ती भुवई तिला दिवसभर छळायला पुरली. बर्फवाल्याने करवतीने लादी मधोमध कापली आणि दोघांना वाटेला लावलं. तिने जाताना मागे वळून पाहिलं, तेही त्याचा तुकडा मोठा आहे का हे बघायला.

ती शाळेत भूगोल शिकवायची. राग तिच्या नाकावर बसलेलाच असे. मुलांकडून उष्ण कटिबंध घोकून घेणारी बाई स्वतःच्या परसात थंड देशातलं फूल लावून बसली आहे, हे लोकांना हसायला पुरेसं होतं. पाठीमागे तिला सगळे बर्फबाई म्हणत.

फूल खरं तर आत्याचं. आत्या तीस वर्षं दूर, बर्फ पडणाऱ्या देशात राहिली. नवरा गेल्यावर ती परत आली, ती पिशवीत पिओनीच्या तीन मुळ्या ओल्या कागदात गुंडाळूनच. पूर्वेच्या भिंतीलगत तिने त्या स्वतः लावल्या. दोन पहिल्याच वर्षी कुजल्या. तिसरीला पानं आली, कळी काही येईना. "इथे तिचं काही व्हायचं नाही, आणि माझंही," म्हणून आत्या मागच्या खोलीत जी जाऊन बसली, ती परसात उतरेनाच. या रोपाला हिवाळ्यातल्या झोपेत थंडी मिळाली तरच कळी धरते, असं भाचीने कुठेतरी वाचलं. तेव्हापासून तीन हिवाळे ती पहाटे बर्फ फोडून त्याच्या बुडाशी घालत होती.

गुरांचा डॉक्टर बर्फाच्या कारखान्यात नंतर रोजच भेटू लागला.

"आज रुग्णाची तब्येत?" तो विचारायचा.

"तुमच्या म्हशींपेक्षा बरी."

"म्हशी निदान दूध देतात, बाई."

ती तणतणत सायकलवर बसायची, पण दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं आधी यायची. रोप किती वर्षांचं, ऊन किती तास, मुळी किती खोल, सगळं त्याने हळूहळू तिच्याकडून काढून घेतलं. "किती खोल" याचं उत्तर तिला माहीत नव्हतं. माती आत्याने घातली होती, आणि तिला कुणी हात लावायचा नाही, असा आत्याचा हुकूम होता.

एका शनिवारी शाळेत परीक्षा होती. दुपारी ती घरी आली, तर परसात डॉक्टर उकिडवा बसलेला, बाह्या दुमडलेल्या, बोटांनी माती उकरत. शेजारी पाटावर आत्या. आत्याचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते.

"काय चाललंय हे?"

"मुळी हलवली नाही," तो घाईने म्हणाला. "फक्त वरची चार बोटं माती काढली. हे बघा, हे डोळे, इथूनच कोंब फुटतात. थंड देशात खोल लावतात, पण इथे गारवा एवढ्या खाली पोचतच नाही. तुमचा बर्फ वरच्या वर—"

"मला विचारलंत?"

"मी विचारलं त्याला," आत्या मध्येच बोलली. "तो तुला शोधत आला होता. बोलता बोलता मीच म्हटलं, खण. चूक माझीच होती. तिकडल्यासारखी लावली मी. तुला सांगितलं असतं तर तू भांडत बसली असतीस."

तीन वर्षं ती आत्याला म्हणत होती, जरा परसात ये, बघून तरी जा. ताटं नेली, ताटं आणली, बर्फाने बोटं फुटली. आणि हा कोण कुठला पंधरा दिवसांच्या ओळखीचा माणूस, त्याच्यासाठी आत्या पायऱ्या उतरली.

"तुम्ही जा," ती त्याला म्हणाली. "पुन्हा येऊ नका."

"तुम्हाला राग मी खणल्याचा आलाय, की..."

"जा म्हटलं ना."

तो हात न धुताच गेला. आत्याशी ती आठवडाभर बोलली नाही. बर्फाला ती उशिरा जाऊ लागली, तोही दिसेनासा झाला. त्याची चूक काढावी म्हणून ती रोज रोपाकडे डोळे वटारून बघायची. त्याची काही चूक सापडत नव्हती, आणि याचाच तिला जास्त संताप यायचा.

हिवाळा सरला. लालसर कोंब वर आले, पानं उलगडली, आणि एका सकाळी आत्याने तिला हाताला धरून परसात नेलं. वाटाण्याएवढी कळी होती. एकच.

कळी लिंबाएवढी झाली, तेव्हा उन्हाळा महिनाभर आधीच येऊन धडकला. भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. कळीवरची एक पाकळी कडेने करपली. ती पाहून बाई थेट जनावरांच्या दवाखान्यात गेली. एका वासराच्या कानाला औषध लावत तो उभा होता.

"तुम्ही खणलंत," ती म्हणाली. "आता तुम्हीच निस्तरा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग वासराकडे. "दोन मिनिटं द्याल... की लगेच भांडायचंय?"

"भांडण वाटेत करता येईल."

पाच दिवस दोघं त्या कळीपाशी होते. त्याने बांबू रोवून ओल्या गोणपाटाचा आडोसा केला, ती शाळेच्या मधल्या सुट्टीत येऊन तो पुन्हा भिजवायची. गाठ कशी मारायची यावरून वाजलं, पाणी किती यावरून वाजलं. एकदा गाठ आवळताना त्याची बोटं तिच्या बोटांवर आली आणि तशीच राहिली. ओल्या गोणपाटाचा वास, मानेवरून ओघळणारा घाम... तिनेच आधी हात काढला आणि गाठ सैल असल्याचं त्याला सुनावलं.

सहाव्या सकाळी फूल उमललं, फिकट गुलाबी, ओंजळीएवढं. ती बघते न बघते तोच आत्या कात्री घेऊन आली, देठ कापला आणि फूल आत घेऊन गेली.

"आत्या, अगं..."

"बाहेर संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही ते. माझ्या खोलीत चार दिवस राहील. आणि दार उघडं ठेवणार आहे मी. ज्याला बघायचं त्याने यावं."

ती पायरीवर बसली. राग होता, डोळ्यांत पाणीही होतं. तो शेजारी येऊन बसला.

"सोमवारी मी जातोय," तो म्हणाला. "बदली झाली."

"कुणी केली?"

"मीच मागितली होती. तुम्ही जा म्हणालात, त्या दिवशी."

"आणि हे आज सांगताय? पाच दिवस गोणपाट बांधत होतात, तेव्हा तोंड शिवलं होतं?"

"तुम्ही भांडत होतात. मला... ते थांबायला नको होतं." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "दिवसभर मी तेवढंच आठवत असतो. तुम्ही काय बोललात, मी काय बोलायला हवं होतं. मला तुम्ही आवडता, बाई. फार."

तो अस्वस्थपणे पायरीवरची माती झटकत राहिला.

"किती लांब आहे?" तिने शेवटी विचारलं.

"बसने दीड तास."

"दीड तास?" ती एकदम त्याच्याकडे वळली. "दीड तासासाठी एवढं तोंड पाडून बसलात? मला वाटलं समुद्रापलीकडे चाललात. घाबरवलंत ना मला."

"घाबरलात?"

"घाबरले. मग? तुम्ही आवडायला लागलात त्याला महिने झाले, आणि तुम्ही बदल्या मागत फिरताय."

आतून आत्या खाकरली, आणि तिच्या खोलीचं दार आणखी थोडं उघडल्याचा आवाज आला.

तो हसू दाबत म्हणाला, "मग रविवारी येऊ?"

"रविवारी मी वह्या तपासते. शनिवारी या," ती म्हणाली. "आणि एकटे येऊ नका, आईला घेऊन या. तुमची तक्रार कुणाकडे करायची, ते मला एकदा बघून ठेवू दे."