राणीला पाणी कोण घालतं?

"परेश, या कुंडीत कुणी विहीर खोदलीये का रे?"

निशाने जिन्याच्या खिडकीतली निळी कुंडी उचलून हलवली. आतून डुबुक डुबुक आवाज आला! परेश दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. त्याच्यामागून आली त्याची धाकटी बहीण प्रांजल, काखेत वही घेऊन. प्रांजल नऊ वर्षांची होती, पण वहीशिवाय कुठे जात नसे. कोण कधी आलं, कोण काय बोललं, सगळं त्या वहीत. त्यामुळे घरातले लोकही तिच्यासमोर जरा जपूनच बोलत.

"तू पाणी कधी घातलं होतंस?" परेशने विचारलं.

"रविवारी. एक कप. आणि आज गुरुवार!"

"आणि पानं अशी का झालीत? उन्हात ठेवलेल्या काकडीसारखी!"

कुंडीत होती ती राणी, म्हणजे दिलशाद खालांचं ऑर्किड. खाला निशाच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत. मुलीला बाळ झालं म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच तीन आठवड्यांसाठी त्या दोहाला गेल्या होत्या. जाताना त्यांनी निशाला घराची चावी दिली होती आणि राणीची जबाबदारीही. "बेटा, आठ दिवसांतून एकदा एक कप पाणी. रविवारी सकाळी. बस्स!" घरातल्या खिडक्या बंद राहणार, म्हणून राणीला त्यांनी स्वतःच जिन्यातल्या खिडकीत आणून ठेवलं होतं. गेली चार वर्षं दर हिवाळ्यात राणीला जांभळी फुलं येत होती. ती बघायला अख्खी बिल्डिंग जिन्यात जमत असे.

आता याच बिल्डिंगमध्ये निशाचं नाव जरा खराब होतं. मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कुमुदआजींनी तिला तुळस सांभाळायला दिली होती. निशा खेळण्यात विसरली आणि तुळस वाळून काडी झाली. तेव्हापासून 'निशाकडे दिलं की गेलं' हे वाक्य तिने निदान पन्नास वेळा ऐकलं होतं. प्रांजलच्या वहीप्रमाणे त्रेपन्न.

म्हणून तर ही चावी तिला इतकी मोलाची वाटत होती. कुणीतरी तिच्यावर विश्वास टाकला होता. राणी गेली, तर तो विश्वासही जाणार होता.

निशाने कुंडीतलं पाणी ओतून टाकलं. प्रांजलने वहीचं पान फाडून ठळक अक्षरांत पाटी लिहिली : 'कृपया पाणी घालू नये.' ती कुंडीला चिकटवली. काम झालं!

कसलं काम झालं! शुक्रवारी सकाळी कुंडी पुन्हा भरलेली. वर पाटीसुद्धा भिजून लोंबत होती.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी शैलेशकाका खाली उतरताना थांबले. "पाटी कुणी लावली? उत्तम! लोकांना शिस्त म्हणून नाही!" असं म्हणून ते निघून गेले.

"आता एकच उपाय," परेश डोळे बारीक करून म्हणाला. "सापळा! आपल्याकडे रांगोळी आहे ना?"

शनिवारी सकाळी साडेसहाला तिघांनी खिडकीखालच्या काळ्या फरशीवर पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर भुरभुरला आणि ते परेशच्या घरी जाऊन बसले. प्रांजलला दर पाच मिनिटांनी जाऊन बघायचं होतं. परेशने तिला लाडू देऊन थोपवलं. तिसऱ्या लाडवानंतर नऊ वाजले आणि तिघं वर धावले.

"बापरे! इथे तर मोर्चा येऊन गेलाय!" परेश ओरडला.

फरशीवर तीन प्रकारची पावलं होती. पहिली अनवाणी, ओली, लहानशी. ती वरच्या मजल्यावरून आली होती आणि वरच परत गेली होती.

"कुमुदआजी!" प्रांजल म्हणाली. "आंघोळ झाली की त्या सूर्याला अर्घ्य देतात. तांब्यात उरलेलं पाणी राणीला!"

दुसरी पावलं बुटांची, नागमोडी नक्षीची, खालून आलेली. शिवाय कुंडीत ओला चहाचा चोथा पडला होता.

"मॉर्निंग वॉक, मग टपरीवरचा चहा, येताना तिथला चोथा खताला," परेश म्हणाला. "शैलेशकाका! आणि आपल्यालाच शिस्त शिकवत होते!"

तिसरी पावलं घरात घालायच्या सपातांची होती. टाचेवर फुलाचा ठसा. ती खिडकीपासून सहा पायऱ्या उतरून दुसऱ्या मजल्यावर गेली होती आणि एका दारापाशी थांबली होती.

ते दार निशाचं होतं. सपाता आईच्या होत्या. निशानेच दुकानात आईला त्या पसंत करून दिल्या होत्या!

निशा तरातरा घरात गेली.

"आई, राणीला तू पाणी घालतेस?"

"मग काय!" आई कणीक मळता मळता म्हणाली. "तांदूळ धुतले की ते पाणी घालते. पानं बघ कशी मलूल झालीत. तहानलंय बिचारं! म्हटलं, तू विसरशील."

"मी विसरले नाहीये! उलट पाणी जास्त होतंय!"

"बरं बरं. नाही घालणार."

पण रविवारी सकाळी निशाने दाराच्या फटीतून पाहिलं. आई हळूच सहा पायऱ्या चढली आणि वाटीभर पाणी ओतून आली. निशाला फार वाईट वाटलं. कुमुदआजींचं एक वेळ समजण्यासारखं होतं, तुळस त्यांची होती. पण आईलासुद्धा खात्री नव्हती! परेश-प्रांजलला हे सांगताना तिला रडूच आलं.

"रडू नकोस," प्रांजल म्हणाली. "आधी राणीला वाचवू. रडणं मी वहीत लिहून ठेवते."

निशाला रडता रडता हसू आलं. तिने राणीला उचललं आणि तिघं गेटवर गेले. गेटवर नेरे गावची वेणूमावशी भाजीची पाटी घेऊन बसायची. झाडाझुडपांतलं तिला जेवढं कळे, तेवढं बिल्डिंगमध्ये कुणालाच कळत नसे. मावशीने कुंडी तिरकी केली. पाणी भळाभळा वाहिलं.

"अगो बाय! याला भोकच नाय की! पानी जानार कुठं?"

तिने राणीला अलगद बाहेर काढलं. मुळांना कुबट वास येत होता. मावशीने एक मूळ चिमटीत धरलं, तर त्याची सालच हातात आली.

"ही कुजली. मुळंच नाय तर पानी पिनार कशानं? म्हनून पानं सुकली. तुमाला वाटलं तहान लागली, आनि तुमी आजून पाजलं!"

"म्हणजे जितकं पाणी, तितकी तहान?" परेश चकित झाला.

"तर! आमच्याकडं असली झाडं आंब्याच्या फांदीवर लोंबतान. पावसान भिजतान, वाऱ्यान सुकतान. माती नाय, काय नाय. वारा पायजे याला."

"जगेल का, मावशी?" निशाने विचारलं.

मावशीने मुळं एकेक चाचपून पाहिली. "तीन मुळं कडक हायेत. तीन म्हंजे काय कमी नाय. करशील ना सांगते तसं?"

तिने जे सांगितलं ते प्रांजलने अक्षरन् अक्षर उतरवलं. मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापायची. कापल्या जागी हळद लावायची. नारळाच्या सोडणाचे, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीचे, तुकडे आणि कोळसे घालून भोकांच्या कुंडीत बसवायचं. थेट ऊन नको. पहिले चार दिवस पाण्याचा थेंब नाही!

"पण ठेवायचं कुठे?" परेश म्हणाला. "जिन्यात ठेवलं की पुन्हा अर्घ्य, चहा आणि तांदूळ!"

निशाने खिशातली चावी बाहेर काढली. खालांच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला होती. रोज सकाळी जाऊन ती उघडायची, संध्याकाळी बंद करायची.

"आणि जिन्यातली जागा रिकामी दिसली तर? सगळे विचारतील. मग शोधतील. मग पाणी घालतील!"

मग प्रांजल अगदी हळू म्हणाली, "आमच्या शोकेसमध्ये प्लास्टिकचं ऑर्किड आहे."

"प्रांजल!" परेश ओरडला. "तू जीनियस आहेस!"

"लिहून ठेवते," प्रांजल म्हणाली.

प्लास्टिकची फुलं त्यांनी काढून ठेवली, पानांना थोडी माती चोळली आणि झाड निळ्या कुंडीत रोवलं. संध्याकाळी निशाने मनाचा हिय्या करून खालांना फोन केला. काहीच लपवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"खाला, राणी आजारी आहे. खूप. पण मी..." पुढचं सगळं तिने एका दमात सांगितलं, प्लास्टिकसकट.

पलीकडे खाला खो खो हसायला लागल्या. "या अल्लाह! प्लास्टिकला पाणी! बेटा, तू खरं सांगितलंस ना, आता मला फिकीर नाही. सगळं तुझ्यावर."

त्यानंतर सुट्टी मोठी मजेत गेली. रोज सकाळी जिन्यात प्लास्टिकला अर्घ्याचं पाणी, चहाचा चोथा आणि तांदळाचं धुवण मिळत होतं, आणि कुंडी काठोकाठ भरली की निशा ती गुपचूप रिकामी करत होती. खालांच्या स्वयंपाकघरात मात्र सगळं शांत होतं. निशा खिडकी उघडायची, सोडणाला बोट लावून बघायची. सुकलं असेल तरच थोडं पाणी द्यायची, आणि ते पूर्ण निथळू द्यायची. मग स्टुलावर बसून राहायची. काही घडत नसे. राणीची पानं तशीच सुरकुतलेली. एक पान पिवळं पडून गळलं, तेव्हा निशाचं दिवसभर जेवणात लक्ष नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वेळेवर हजर होती.

दहाव्या दिवशी प्रांजलला राहवलं नाही. तिने प्लास्टिकच्या काडीवर एक फूल खोचलं.

बिल्डिंगमध्ये नुसती खळबळ उडाली! "अर्घ्याच्या पाण्याचा गुण!" कुमुदआजी म्हणाल्या. "चहाचा चोथा म्हणजे खतच!" शैलेशकाका म्हणाले. आईने निशाकडे बघून नुसतंच हसून घेतलं. त्या हसण्यात 'बघ, मी होते म्हणून' असं स्पष्ट लिहिलं होतं.

खाला परतल्या त्या रविवारी सकाळी. बॅगा जिन्यातच ठेवून त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. सगळे जमले होतेच.

"माशाअल्लाह! ऐन दिवाळीत फूल? एवढी सेवा कुणी केली?"

"मी रोज पाणी..." कुमुदआजी.

"माझा चोथा..." शैलेशकाका.

"तांदळाचं धुवण," आई म्हणाली. "निशा विसरेल म्हणून."

खाला गंभीरपणे पुढे झाल्या. त्यांनी फूल धरलं, टचकन उपटलं आणि पर्समध्ये टाकलं!

"अहो! अहो!" शैलेशकाका किंचाळले.

"प्लास्टिक आहे, भाऊ. चौदा दिवस तुम्ही सगळे प्लास्टिकला पाणी घालत होतात."

"पंधरा," प्रांजलने वही बघून सांगितलं.

निशाने चावीने खालांचं दार उघडलं. सगळे मागोमाग स्वयंपाकघरात गेले. खिडकीशी राणी उभी होती. फूल नव्हतं. पानंही तीनच उरली होती. पण निशाने कुंडी हलकेच फिरवली आणि बोट दाखवलं. खालच्या पानाच्या बगलेतून तांदळाच्या दाण्याएवढं एक नवं मूळ बाहेर आलं होतं. टोक हिरवंगार!

"परवा दिसलं," निशा म्हणाली. "या वर्षी फुलं येणार नाहीत, खाला. वेणूमावशी म्हणते, पुढच्या वर्षी. पण राणी जगली."

खालांनी तिला जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. शैलेशकाका घसा साफ करून म्हणाले, "मुलांनो, शाबास! पाटी मीच वाचली होती, आणि मीच..." कुमुदआजी पुढे आल्या. "पोरी, नवी तुळस आणलीये मी. जानेवारीत गावाला जाणार आहे. सांभाळशील?"

"निशाकडे दिलं की..." परेशने सुरुवात केली.

"जगलं!" प्रांजल ओरडली आणि तिने वहीतल्या त्रेपन्न या आकड्यावर काट मारली.

आई मात्र दारातच उभी होती. ती निशाजवळ आली. "माझं चुकलं गं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "मी तुला एकदा विचारायला हवं होतं. विचारलं नाही, आणि तू सांगितलंस तेही ऐकलं नाही."

निशाने आईचा हात घट्ट धरला. मग तिला एकदम चावीची आठवण झाली. खिशातून काढून तिने ती खालांपुढे धरली.

खालांनी तिची मूठ तशीच मिटवली.

"राहू दे तुझ्याकडेच. मेमध्ये मी दोन महिने जाणार आहे."