कात्रीचं मत

"अरे ए, वल्हं मार की. झोपलास का? असल्या माणसाला होडीत बसवलं कुणी? याला बादलीत बसवायला हवं होतं."

बराच वेळ हे असं चाललं होतं. एका हातात टोस्ट, दुसऱ्या हातात खेळाचं बटण, कानांवर हेडफोन, आणि तोंडाचा पट्टा सुरू. सकाळची वेळ, ऑफिसची तपासणीची खोली रिकामी, आणि माइक नेहमीप्रमाणे बंद. निदान तिची तरी तशी समजूत होती.

"झोपलो नाहीये," कानात एक आवाज आला. पुरुषाचा, अगदी शांत. "तुम्ही डावीकडचा खडक सोडायची वाट बघतोय. त्याच्यावर परत परत धडकतोय आपण. आणि बादलीचं म्हणाल तर... चालेल मला. फक्त वल्हं सोबत द्या."

टोस्ट हातातून सुटला तो थेट कीबोर्डवर. पडद्यावर होडीतल्या उरलेल्या दोघांनी नुसती हसरी तोंडं पाठवली. म्हणजे तेही ऐकत होते. सगळे ऐकत होते.

"तुम्ही... कधीपासून ऐकताय?"

"'मेल्याचे हात आहेत की दोरखंड' इथपासून."

ते अगदी सुरुवातीचं होतं. तिने घाईघाईने खेळ बंद केला, संगणकही बंद केला, आणि मग उगाचच खोलीतला दिवाही बंद केला.

आता ही कोण, ते सांगायला हवं. ऑनलाइन खेळांची परीक्षणं देणारी एक वेबसाइट होती आणि तिथे ही खेळांना गुण द्यायची. दहापैकी गुण, आणि का दिले याची खरमरीत कारणं. ऑफिसात तिला कात्री म्हणत. तिच्याकडे खेळ गेला की बनवणारे देव पाण्यात ठेवून बसायचे. पण तिने कधी कुणावर अन्याय केला, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. आणि ती ज्याला चांगलं म्हणायची ते चांगलंच असायचं.

याला कारण तिचा नियम. चारचौघांनी मिळून खेळायच्या खेळाची गोम अशी, की सोबत झकास मिळाली तर टुकार खेळही झकास वाटतो. म्हणून ती कायम अनोळखी लोकांबरोबर खेळायची, माइक बंद ठेवून, 'मुकी' असं नाव घेऊन. सोबतीचा वारासुद्धा मताला लागू द्यायचा नाही. आणि आता या मुकीने अख्ख्या होडीला शिव्या ऐकवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती माफी मागायला म्हणून परत 'चार वल्ही'मध्ये गेली. निव्वळ माफी मागायला. खेळ तसा साधा होता. एक होडी, एक लांबलचक नदी, चार माणसं आणि प्रत्येकाच्या हाती एकेक वल्हं. ना मारामारी, ना पळापळ. असल्या संथ खेळांची तिला मनापासून चीड होती.

'निवांत' तिथेच होता. हे त्याचं खेळातलं नाव.

"या मुकीबाई," तो म्हणाला. "आज माइक चालूच ठेवा. न बोलता खडकावर आपटण्यापेक्षा बोलून आपटलेलं बरं."

माफी राहिली बाजूलाच. त्या सकाळी दोघं इतकं बोलले की होडी उलटी, उगमाकडे वल्हवत नेली तरी पत्ता लागला नाही. मग तिसरी सकाळ. मग चौथी. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, डोळे तो स्वतः तपासायचा आणि दुकान उघडायच्या आधी खेळायचा. त्याचं बोलणं कसं... घाई नाही, पण एकेक शब्द असा नेमका पडायचा की ती हेडफोन कानाशी आणखी घट्ट दाबून धरायची. सोबतीचा वारा सोडाच, इथे चांगलं वादळ सुटलं होतं.

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे. "भाजी चिरताना गाणं म्हणतेस हल्ली," ती म्हणाली. "कोण आहे?"

"कुणी नाही गं. खेळातला एक जण. एकत्र होडी वल्हवतो."

"ताई म्हणतो का तुला?"

"नाही."

"मग आशा आहे," वहिनी म्हणाली आणि कांदा चिरायला घेतला.

आशा होतीच. कारण एक दिवस निवांत म्हणाला, "एक विचारू? रागावू नका. तुम्ही नेहमी डावीकडच्याच खडकावर का आपटता?"

"कारण तो मधे येतो."

"उजवीकडचेही मधे येतात. ते तुम्ही चुकवता. तुमचा डावा डोळा तपासायला हवा... म्हणजे, यायचं असेल तर. दुकान माझंच आहे."

ती गेली. जाताना तीनदा कपडे बदलले आणि हे डोळे तपासायलाच बदलले, असं स्वतःला सांगितलं.

दुकान अरुंद आणि लांब. दोन्ही भिंतींना चष्मे टांगलेले, आणि काउंटरमागे तो. आवाजावरून तिने एक उंच, रुबाबदार माणूस रंगवला होता. हा मध्यम उंचीचा, केस विस्कटलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक पेचकस. पण तो बोलायला लागला आणि तिने रंगवलेला माणूस कुठल्या कुठे गेला.

"मुकी?" तो म्हणाला.

"निवांत?"

इतके दिवस रोज सकाळी बडबडणारी ही दोन माणसं, समोरासमोर आली आणि घाईघाईने डोळे तपासायच्या कामाला लागली.

आतल्या अंधाऱ्या खोलीत त्याने तिला खुर्चीवर बसवलं, भिंगांची जड चौकट नाकावर ठेवली आणि उजव्या डोळ्यासमोर काळी चकती सरकवली. समोरची अक्षरं विरघळली.

"काय दिसतंय?"

"धुकं," ती दचकून म्हणाली. "पण मला तर सगळं स्वच्छ दिसतं."

"दोन्ही डोळे उघडे असतात तेव्हा. उजवा चांगला आहे ना, तो डाव्याला सांभाळून घेतो. एकाला झाकल्याशिवाय दुसऱ्याचं खरं कळत नाही." त्याने एक भिंग बदललं. त्याच्या बोटांचा तिच्या कानाला ओझरता स्पर्श झाला, आणि दोघांनीही तो झालाच नाही असं दाखवलं. "हे बरं... की हे?"

"परत दाखवा."

"हे... की हे?"

खरं तर पहिलंच बरं होतं. पण तो फार जवळ उभा होता आणि तिला घाई नव्हती.

चष्मा लागला. परीक्षणही लिहून झालं. 'चार वल्ही'ला दहापैकी आठ.

संपादकांनी ते वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि तिला बोलावून घेतलं. ते वयाने मोठे, तिला लेकीसारखं वागवणारे, पण कामात बापालाही न सोडणारे.

"संथ खेळ म्हटला की तुला जांभया येतात," ते म्हणाले. "आजवर एकाला तरी पाचाच्या वर गुण दिलेस? आणि याला आठ?"

"खेळ चांगला आहे."

"रोज सकाळी तपासणीच्या खोलीतून हसण्याचा आवाज येतो. कुणीतरी पोरगा आहे म्हणे होडीत." त्यांनी परीक्षण तिच्यापुढे सरकवलं. "बाई गं, मला खेळाचे गुण हवेत. त्या पोराचे नकोत. वाचक तुझ्या शब्दावर विसंबतात. तुला स्वतःलाच खात्री नसेल तर हे सदर मी दुसऱ्या कुणाकडे देतो."

आणि खात्री तर तिला खरोखरच नव्हती. आठ गुण कुणाचे? होडीचे, की त्याचे? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कात्रीला कुठे कापायचं ते कळेना. रडू आलं तिला. सदर जाईल म्हणून नाही. आपली पारख, जिच्या जिवावर मान ताठ ठेवून चाललो, तीच हातची गेली की काय म्हणून.

आणि मग तिला ती काळी चकती आठवली.

"शुक्रवारी सगळ्यांसमोर खेळते," ती म्हणाली. "थेट दाखवा. अनोळखी माणसं, सगळ्यांचे माइक बंद, आणि तो होडीत नाही. कंटाळले तर तिथेच तसं सांगेन आणि सदर सोडेन."

संध्याकाळी तिने त्याला फोन केला. "मला तुम्हाला झाकायचंय."

"कायमचं?"

"एका खेळापुरतं." मग तिने सगळं सांगितलं. "पण त्याआधी उलटी तपासणी. उद्या सकाळी माझ्याबरोबर 'मुकुटमार' खेळायचा."

"तो? त्याला तुम्ही दोन गुण दिले होते. मी वाचलंय."

"दोनसुद्धा जास्त होते."

'मुकुटमार' अजूनही तितकाच भिकार होता. निवांतचा सैनिक पहिल्याच मिनिटाला भिंतीत अडकला, आणि तो तिथूनच, अगदी गंभीरपणे, भिंतीची विचारपूस करत बसला. घरात किती माणसं, ओल येते का, रंग कधी काढला. ती इतकी हसली की नवा चष्मा पुसावा लागला. मुकुट हरवला, लढाई हरली आणि तरी उठावंसं वाटेना.

म्हणजे हा माणूस दोन गुणांच्या खेळातही तिची सकाळ सोन्याची करत होता. तिला आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली. मग त्या आठांमधले होडीचे किती?

शुक्रवारी दुपारी ऑफिसातल्या मोठ्या पडद्यासमोर सगळे जमले. वेबसाइटवर वाचकांची ही गर्दी. संपादक हाताची घडी घालून मागे उभे. निवांत दुकानातून बघत होता. बघणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव दिसत होतं. होडीत तीन अनोळखी माणसं येऊन बसली.

सुरुवात रटाळ होती. पाणी, झाडं, पुन्हा पाणी. तिला एक जांभई आली. खरीखुरी, सगळ्यांसमोर. वाचकांनी टर उडवायला सुरुवात केली. तिने ती लपवली नाही. लपवायचं नाही, असंच तर ठरलं होतं.

मग वळण आलं आणि नदीवर धुकं उतरलं. पडदा पांढरा. दिसत काहीच नव्हतं, फक्त चार वल्ह्यांचा आवाज. एक जड, एक हलका, एक घाईचा, आणि तिचा. होडी गरगरायला लागली. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, बोलू शकत नव्हतं. आणि मग जड वल्ह्याने वेग कमी केला. हलक्याने ते ऐकलं. तिने ऐकलं. घाईचं वल्हं दोनदा चुकलं, थबकलं आणि तिसऱ्यांदा बरोबर पडलं. चारही वल्ही एका ठेक्यात आली आणि होडी सरळ झाली. पुढे प्रवाहाची ओढ लागली, घाईवाला पाण्यात पडला, आणि कुणी न सांगता तिघांचीही वल्ही थांबली. तो परत चढेपर्यंत तिघांनी मिळून होडी धरून ठेवली. गर्दी, सदर, संपादक, सगळं ती विसरली होती.

होडी धुक्याबाहेर आली. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की या अख्ख्या प्रवासात तिला निवांतची एकदाही आठवण झाली नाही. ते लक्षात आलं मात्र, त्याची इतकी आठवण आली की नजर आपोआप बघणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव शोधू लागली.

तिने माइक हातात घेतला.

"मला संथ खेळ आवडत नाहीत," ती म्हणाली. "हाही तसा आवडत नाही. उद्या सुट्टी मिळाली तर मी मारामारीचाच खेळ लावणार. ती माझी आवड झाली, ती मी तुमच्यावर लादत नाही. पण चार परकी माणसं न बोलता एकमेकांसाठी थांबायला शिकतात, हे या खेळाने करून दाखवलं. आत्ता, तुमच्यासमोर. मला जांभई आली, तीही खरी, म्हणून दोन गुण कापले. आठ. आणि हे आठ होडीचेच आहेत."

संपादक कधी खुर्चीवर बसले होते कुणास ठाऊक. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "नऊ दे की," ते म्हणाले. "ते पाण्यात पडलेलं पोर परत चढलं तेव्हा माझा जीव खालीवर झाला."

"आठ," कात्री म्हणाली.

हसण्याचा आणि टाळ्यांचा नुसता गदारोळ उठला. सदर तिचंच राहणार, हे कुणी वेगळं सांगायची गरजच उरली नाही. ती मात्र पर्स उचलून केव्हाच जिना उतरत होती.

दुकानात तो आतल्या खोलीत होता. ती थेट आत घुसली, धापा टाकत.

"बघितलं मी," तो म्हणाला. डोळे चमकत होते त्याचे. "काय बोललात तुम्ही... जिंकलात."

"थांब. माझं बोलणं संपलेलं नाही."

'थांब' ऐकून तो खरंच थांबला. इतके दिवस सगळं अहो-जाहो होतं.

"होडीचे गुण होडीला दिले," ती म्हणाली. "ते सिद्ध करून दाखवले. मग तुझे किती, याचा वाटभर विचार करत आले. तू शांत आहेस, नेमका आहेस, भिंतींशी गप्पा मारतोस... कारणं खूप निघाली. पण मला कारणं द्यायचीच नाहीत. तू मला आवडतोस. हे परीक्षण नाही, माझं मत आहे. त्याला पुरावा लागत नाही आणि ते बदलायचंही नाही."

त्याने हातातलं भिंग खाली ठेवलं. "मी तर पक्षपातीच आहे," तो हळूच म्हणाला. "मेल्याचे हात म्हणालीस, तेव्हापासून." आणि त्या हातांनी त्याने तिचे दोन्ही हात धरले.

"अहो," खुर्चीतून आवाज आला. भिंगांची चौकट नाकावर आणि एक डोळा झाकलेले एक आजोबा कधीचे तिथे बसले होते. "मुलगी चांगली आहे. लग्नाचं विचारून घ्या, मी थांबतो."

त्याने विचारलं. आजोबांच्या देखत, अंधाऱ्या खोलीत, हात न सोडता. ती हो म्हणाली, आणि आजोबांनी एका हाताने चौकट सावरत दुसरा हात उंचावून दोघांना आशीर्वाद दिला.