उंबऱ्यावरचं फुलपात्र

ही घडलेली गोष्ट आहे. रचलेली असती, तर तिला नीट शेवट दिला असता.

मार्चमधला मंगळवार. विश्रांतवाडीतली एक सोसायटी, तिसरा मजला.

वेळ दुपारी पावणेतीन.

ही काही भुतांची वेळ नव्हे, हे मान्य. या वेळेला पुण्यातलं भूतसुद्धा शटर ओढून वामकुक्षी घेतं.

मेहरुन बागवान बाई जेवणाच्या टेबलावर दहावीचे मराठीचे पेपर तपासत होत्या. नवरा अमीन कसबा पेठेत, आपल्या पुस्तकबांधणीच्या दुकानात. चौथीतली लेक माहेनूर शाळेतून येऊन आतल्या खोलीत झोपली होती.

प्रश्न सहावा. 'उंबऱ्यावर पाणी' या कवितेचे रसग्रहण करा. गुण चार.

कविता पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकात होती.

दुपारी तीनला
उंबऱ्यावर पाणी ठेवा.
असलं, तर ती पिऊन जाईल.
नसलं, तर आत येईल.

कवयित्री सुमती केळशीकर. 'तीन मुलींच्या अकाली निधनाच्या दुःखातून त्यांची प्रतिभा बहरली,' असं पुस्तकातला परिचय सांगतो. शेवटच्या मुलाखतीत त्या म्हणाल्या होत्या, "अहो, ही कविता नाही. सूचना आहे."

समीक्षकांनी त्याला विनय म्हटलं.

गाइडातलं रसग्रहण खुद्द मेहरुनबाईंनी लिहिलेलं. पाणी हे मायेचं प्रतीक. उंबरा हे मर्यादेचं प्रतीक. ती म्हणजे स्त्रीची तहानलेली अस्मिता. त्या दुपारपर्यंत एकेचाळीस मुलांनी ती अस्मिता जशीच्या तशी उतरवली होती, आणि बाईंनी स्वतःच्याच वाक्यांना एकेचाळीस वेळा साडेतीन गुण दिले होते.

बेचाळिसावा पेपर.

उत्तर दोनच ओळींचं...

'ती म्हणजे ती. आमच्याकडे एक दिवस पाणी ठेवायचं राहिलं.'

बाईंनी तपासणीवर देखरेख करणाऱ्या नियामकांना, म्हणजे यज्ञेश्वर सरांना, फोन लावला.

"सर, एका मुलाने भलतंच लिहिलंय."

"नमुना उत्तरात आहे?"

"नाही."

"मग शून्य. नमुना उत्तर तुमच्याच गाइडातलं आहे ना?"

"हो, पण कवयित्री स्वतः म्हणाल्या होत्या की..."

"बाई, कवयित्री नियामक आहेत का?"

बाईंनी शून्य दिलं. लाल, गोल, सुबक.

आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं...

पंखा फिरतोय, पण त्याचा आवाज येत नाहीये.

खिडकीतली कबुतरं गप्प. खालची पाण्याची मोटार गप्प.

मग जिन्यातून आवाज आला. पावलांचा नव्हे. कोरड्या घशाने आवंढा गिळावा, तसा.

आधी तळाशी.

मग पहिल्या मजल्यावर.

मग दुसऱ्या...

बाईंना एकदम समोरच्या मंदाकिनीकाकू आठवल्या. काकू रोज दुपारी दाराबाहेर पाण्याने भरलेलं स्टीलचं फुलपात्र ठेवायच्या. "पक्षी जिन्याने येतात का हो, काकू?" असं बाईंनी एकदा विचारलं होतं.

"येणारे येतात," काकू म्हणाल्या होत्या.

आज सकाळीच काकू स्वारगेटहून एसटीने मुलीकडे गेल्या होत्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "आपण तीनला तेवढं पाणी ठेवाल का?"

"हो, हो," बाई म्हणाल्या होत्या. पेपरातून मान वर न करता.

त्यांनी दाराच्या भिंगातून पाहिलं. काकूंच्या उंबऱ्यावर काहीच नव्हतं. जिन्यात कुणीच नव्हतं.

आवंढा मात्र अगदी दाराशी वाजला...

बाई स्वयंपाकघरात धावल्या. नळ नुसताच खोकला. माठातून फुलपात्र भरलं, दार उघडलं आणि ते उंबऱ्यावर ठेवलं. घाईत निम्मं पाणी फरशीवर सांडलं.

घड्याळात तीन वाजून चार मिनिटं.

बाई बघत राहिल्या. पाणी हललं नाही. एक थेंबही कमी झाला नाही.

मग आवंढ्याचा आवाज पुन्हा आला...

पाठीमागून. आतल्या खोलीतून.

"अम्मी... पाणी."

माहेनूर पलंगावर उठून बसली होती. तिने पेला रिकामा केला. मग बाटली. मग तांब्या. ओठ तरीही जुन्या कागदासारखे कोरडेच.

सगळ्या तपासण्या झाल्या. साखर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "उन्हाळा आहे."

उन्हाळा संपला. पावसाळाही.

बेचाळिसाव्या पेपरावरचं शून्य खोडून बाईंनी चार गुण दिले होते. गुण का बदलले, याचं कारण सरांनी लेखी मागितलं. बाईंनी लिहिलं, 'उत्तर बरोबर आहे.' सरांनी ते फाइलला लावलं. गाइडाची नवी आवृत्ती निघाली, त्यात अस्मिता अजून तहानलेलीच आहे. रसग्रहण बदला म्हणून प्रकाशकाला बाईंनी तीन पत्रं लिहिली. मराठीच्या बाई आहेत, पत्रं छानच होती, असं तो सगळ्यांना सांगतो.

काकू तेव्हा आठवड्यानेच परतल्या होत्या. जिन्यात माहेनूर भेटली. काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

त्या दिवसापासून त्यांनी दाराबाहेर पाणी ठेवणं बंद केलं.

मेहरुनबाई मात्र रोज ठेवतात. पावणेतीनला, काठोकाठ. न जाणो, जाईल निघून.

परवा तीन वाजता त्या दाराशी आल्या, तर उंबऱ्यावर फुलपात्र नव्हतं. माहेनूर ते दोन्ही हातांनी धरून सोफ्यावर बसली होती. रिकामं.

"बाहेर कशाला ठेवतेस, अम्मी?" ती म्हणाली. "बाहेर आता कुणी नाहीये."