कंपनीवाला आणि जळणारा दिवा

वर्गाचं दार उघडलं तेव्हा तिच्या हातात सोल्डरिंग गन होती. "आलात? पंखा तिकडे," एवढं म्हणून ती वळलीसुद्धा.

मी खरं तर आमच्या कंपनीचं सर्किट तपासायचं सॉफ्टवेअर विकायला आलो होतो. पण तिचा आवाजच असा, की मुकाट्यानं स्टुलावर चढलो. कंडेन्सर गेला होता. तिच्याच खणातला दुसरा लावून दिला.

"किती झाले?"

"काही नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे..."

ती अशी हसली, की मी स्टुलावरून उतरायचंच विसरलो.

तिच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात मुलांच्या चुकांमुळे रोज काही ना काही जळायचं. संस्थेच्या अध्यक्षांनी बजावलं होतं – शनिवारपर्यंत परवडणारं सॉफ्टवेअर शोधा, नाहीतर प्रयोग बंद.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये तिनं एलईडी थेट बॅटरीला जोडला, मध्ये वीज आवरणारा रेझिस्टर न घालता. पडद्यावर दिवा मजेत पेटला.

"खरा असता तर एव्हाना जळाला असता," ती म्हणाली. "मुलांना चूकच दिसणार नसेल, तर एवढं महागाचं घेऊन काय करू?"

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्यांची फुकटातली सॉफ्टवेअर घेऊन तिच्या दारात हजर.

एक तिच्या जुन्या संगणकांवर उघडेचना. दुसरं इंटरनेटवाचून हलेना. तिसऱ्यात मात्र एलईडी फट्‌कन फुटला! आनंदाच्या भरात तिनं माझा हात धरला. मग सोडला... जरा सावकाशच.

"कंपनीवाले, तुमच्या साहेबांना कळलं तर?"

"तर तुम्ही ठेवून घ्या मला."

"पगार परवडणार नाही."

"मीही फुकटच आहे."

"फुकटची गोष्ट मी नीट तपासून घेते हं!"

शनिवारी अध्यक्षांनी नाक मुरडलं. "फुकटचं कसलं घेता?"

ती हटली नाही. तिनं त्यांनाच संगणकापुढे बसवलं. त्यांनीही रेझिस्टर विसरून दिवा जोडला. तो फुटला तसे ते खुर्चीत दचकले. मग स्वतःच रेझिस्टर शोधायला लागले, आणि दिवा नीट लागेपर्यंत उठले नाहीत. प्रयोग वाचले.

माझ्या साहेबांना मात्र कळलंच. सोमवारी मी तिला जिन्यात गाठलं.

"नोकरी गेली," मी म्हणालो.

ती म्हणाली, "रविवारी घरी या. आईला भेटायला."

"बिननोकरीच्या माणसाला त्या हो म्हणतील?"

"ती नाहीच म्हणेल," पदर खोचत ती म्हणाली. "हो मी म्हणणार आहे."

आणि म्हणाली. सगळ्यांसमोर, खणखणीत.

लग्न झालं, केस पिकले. आता ती नाही. तिचा वर्ग मी चालवतो. बंद करा, आराम करा, असं सगळे सांगतात. मी ऐकून घेतो, आणि सकाळी जाऊन कुलूप उघडतो.