वरची हवा

इलारियो चायापाने इंजिनचा स्पार्क प्लग काढला, चिंधीने पुसला आणि दाराच्या उजेडात धरला. काळा, ओला, काजळी धरलेला. सकाळीच नवा घातला होता.

"पुन्हा?" सेगुंदोने विचारलं.

"पुन्हा."

इकीके शहराच्या मागे वाळूचा मोठा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी इलारियोचं गॅरेज. सकाळचं धुकं समुद्रावरून यायचं आणि दुपार झाली तरी पत्र्यांना चिकटून राहायचं. मधोमध उभी होती त्याच्या मुलाची, येर्कोची मोटरसायकल. डोंगरातल्या शर्यतींची, टू-स्ट्रोक, उंच आणि हडकुळी.

येर्को आणि त्याचा मित्र सेगुंदो सरावाला वर पठारावर, ज्वालामुखीच्या अंगाला गेले होते. येर्को एका वळणाआड पुढे निघून गेला. सेगुंदो मागून पोचला तेव्हा गाडी स्टँडवर उभी होती. इंजिन चालू होतं आणि हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. भोवती भुसभुशीत राख होती. तिच्यात टायरची रेघ उमटली होती, पावलाचा ठसा मात्र एकही नव्हता. पोलिसांनी शोधलं, कुत्री नेली. मग एक दिवस ते खाली उतरले ते पुन्हा वर गेलेच नाहीत.

आता इलारियो स्वतः जाणार होता. जीप जिथे थांबते, तिथून पुढे फक्त ही गाडी जाते. पण ती चालेल तर ना. खाली आणल्यापासून ती ठोका सोडून ठोका मिसिंग मारत होती, निळा धूर ओकत होती आणि रेस दिली की घशात काही अडकल्यासारखी गुदमरत होती.

त्याने फिल्टर धुतला. पेट्रोल ओतून टाकलं, ताजं ऑइल मिसळून नवं भरलं. ऑइल सील बदलले, कॉइल बदलली. शेवटी हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर उतरवून सेगुंदोच्या गाडीला लावला. सेगुंदोची गाडी घड्याळासारखी चालली. तोच कार्ब्युरेटर परत येर्कोच्या गाडीला लावला, की पुन्हा तोच धूर, तीच गुदमर.

"मग दोष आहे तरी कशात?" सेगुंदो म्हणाला.

"दोष नाहीये. हवा विरळ असली की पेट्रोल जास्त होतं, तसं होतंय. वर गेल्यावर होतं तसं."

"डॉन इलारियो, आपण समुद्रकाठी आहोत."

"मला ठाऊक नाही होय रे?"

उंचीवर जाताना कार्ब्युरेटरमधला पितळी जेट बदलावा लागतो. हवा जितकी विरळ, तितकं जेटचं भोक बारीक. इलारियोने खणातून सगळ्यात बारीक जेट काढला. तो ज्वालामुखीच्या पायथ्याशिवाय कुठेच वापरलेला नव्हता. समुद्रकाठी या जेटवर इंजिन चालू झालं तरी तापून जाम व्हायचं. त्याने तो बसवला आणि किक मारली.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. स्वच्छ, एकसुरी, येर्को ठेवायचा तशी.

स्वयंपाकघरातून हिमेना आली. येर्कोची बायको. हात पिठाचे होते. आवाज बंद होईपर्यंत ती दारात उभी राहिली.

"पाद्री विचारत होते," मग ती म्हणाली. "त्याच्या शांतीची मिस्सा कधी करायची म्हणून. मी सांगितलं, बाबा वर जाऊन आले की."

"उद्या निघतो, पोरी."

दुसऱ्या दिवशी त्याने सामान बांधलं. किक मारली तर इंजिन पोकळ किंचाळलं आणि विझलं. प्लग खडूसारखा पांढरा पडला होता. म्हणजे आता पेट्रोल कमी पडत होतं. त्याने एक पायरी मोठा जेट लावला. गाडी सुरेल चालली.

तो जेट ज्वालामुखीच्या खाली, कोल्चाने गावच्या माळावर लागायचा. तिथेच इलारियोचा जन्म झालेला, तिथली हवा त्याला पाठ होती. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. बांधलेलं सामान मात्र परत सोडलं.

त्यानंतर रोज तसंच होत गेलं. रात्री बरी ठेवलेली गाडी सकाळी पांढरा प्लग दाखवायची आणि थोडा मोठा जेट मागायची. खाली येणाऱ्या रस्त्यावरचं एकेक गाव त्या जेटांमधून सरकत होतं. हिमेना चहा घेऊन यायची आणि प्लगकडे बघायची. ती मेकॅनिकच्या घरात सून म्हणून आली होती, तिला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

"तो खाली उतरतोय," ती म्हणाली.

"वहिनी, गाडी इथे उभी आहे," सेगुंदो म्हणाला.

"गाडी आहे. तो नाही."

सेगुंदो इलारियोकडे वळला. "डॉन इलारियो, तुम्ही जा वर. मी येतो बरोबर. अजून वेळ गेलेली नाही."

"आणि तो दुसऱ्या वाटेने आला तर? मी वर, तो खाली?"

सेगुंदो हळूहळू गॅरेजवर यायचाच बंद झाला.

ज्या दिवशी गाडीने वाळवंटातल्या उआराचा जेट मागितला, त्या दिवशी हिमेनाने येर्कोचे कपडे धुवून उन्हात घातले. घाटमाथ्यावरच्या आल्तो ओस्पिसिओचा जेट लागला तेव्हा इलारियो दिवसभर घाटाच्या तोंडाशी, रस्त्याकडेला उभा राहिला. ट्रक उतरत होते, बस उतरत होत्या. चालत कुणी आलं नाही. उतरत्या उन्हात तो परतला तेव्हा हिमेनाने पाव भाजले होते, अवोकाडो कुस्करून ठेवला होता आणि तीन कप मांडले होते.

सकाळी गाडीने इकीकेचा जेट मागितला.

इलारियोने तो बसवला. इंजिन इतकं गोड चाललं की समोरच्या घरातली म्हातारी खिडकीत आली. प्लग भाजलेल्या कॉफीच्या रंगाचा, जसा असायला हवा तसा. त्याने गॅरेजची दोन्ही दारं सताड उघडली. हिमेना उंबऱ्यावर बसली. धुकं विरलं. भाजीवाला गेला, शाळा सुटली. दारात सावली पडली की दोघं मान वर करायची.

कुणी आलं नाही.

"रस्ता चुकला असेल का हो, बाबा?"

"आपल्या गावात?"

दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत इलारियो गॅरेजमध्ये गेला. आता आणखी बदलायला काही उरलं नव्हतं. समुद्राच्या खाली गाव नसतं.

त्याने किक मारली. पोकळ किंचाळी आली आणि इंजिन विझलं.

प्लग पांढरा होता.

खणात याहून मोठा जेट नव्हताच. लागेल असं कधी वाटलं नव्हतं. त्याने इकीकेचाच जेट चिमट्यात धरला, बारीक ड्रिल घेतलं आणि भोक वाढवलं. पितळेचा कीस बोटांना चिकटला. गाडी चालली.

दुपारपर्यंत पुन्हा पांढरा. त्याने पुन्हा भोक वाढवलं.

आपण वर जायला हवं होतं, एवढंच त्याच्या मनात येत होतं. सेगुंदो म्हणाला त्या दिवशी. पहिल्या दिवशी. पण तेव्हा तरी येर्को वर होता का, हेही आता त्याला सांगता येत नव्हतं.

ड्रिल आरपार गेलं. जेटच्या भिंती कागदाइतक्या झाल्या आणि चिमट्यातच चिरडल्या. इलारियोने तुकडे बाजूला ठेवले. मग त्याने जेट न लावताच कार्ब्युरेटर बंद केला. असं केलं तर पेट्रोलने इंजिन बुडायला हवं, प्लग भिजायला हवा.

किक मारली.

इंजिन संथ चालू झालं. एकही ठोका न चुकवता, खोल आणि शांत.

हिमेना धावत दारात आली. तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत नव्हता तो उजेड होता.

"चालली. आता कुठे पोचला, बाबा?"

इलारियोने सिलिंडरवर हात ठेवला. इंजिन गार होतं, आणि त्याच्या धातूच्या पात्यांवरून समुद्राच्या वासाच्या पाण्याचे थेंब गळत होते.

"इथेच," तो म्हणाला. "अगदी जवळ आहे."

ती कप मांडायला आत गेली.