पिवळ्या काठाचं ताट

प्रणालीबाई लेकीकडे नागपूरला येत तेव्हा आपलं ताट सोबत घेऊन येत. ताट साधंच, स्टीलचं, पण त्याचा काठ पिवळा रंगवलेला. तसा कायदाच होता. ज्यांच्या पोटात प्रमाणबाग नाही, त्यांनी पिवळ्या काठाच्या ताटात जेवायचं आणि ते ताट वेगळं घासायचं. बाईंचं तर कायद्याच्याही पुढे. पेला, वाटी, एवढंच काय, भांडी घासायचा काथ्याही त्या पिशवीत घालून आणत आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी, सगळ्यांपासून हातभर अंतर ठेवून जेवायला बसत. जावयाने, म्हणजे उन्मेष लांजेवारने, किती वेळा म्हटलं, "मामी, टेबलावर बसा ना." उत्तर ठरलेलं असे.

"राहू द्या जवाईबापू. माहं पोट रानटी हाय."

ही प्रमाणबाग काय भानगड आहे, ते सांगायला हवं. माणसाच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. ते अन्न पचवायला मदत करतात, रोगजंतूंना हुसकावून लावतात. पूर्वी ज्याच्या पोटात जे शिरलं ते शिरलं. कुणाला आईकडून, कुणाला मातीतून, कुणाला उष्ट्या घासातून. पुढे शास्त्रज्ञांनी चांगल्या वळणाचे जिवाणू निवडून त्यांचा एक संच बनवला आणि जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पोटात तो पेरायला सुरुवात झाली. हगवण गेली, दमा गेला, बाळं गुटगुटीत झाली. सगळ्यांची पोटं सरकारी बगिच्यांसारखी एका छापाची झाली, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

प्रणालीबाईंचा जन्म त्याआधीचा, साकोलीकडे जंगलाला लागून असलेल्या पिंपळटोल्यातला. अशा उरल्यासुरल्या म्हाताऱ्या माणसांना लोक रानपोटे म्हणत. लेक शलाका जन्मली तेव्हा दवाखान्यात त्यांना बजावलं होतं, बाळाला स्वतःच्या हाताने घास द्यायचा नाही, बाग बिघडेल. बाईंनी ते इमानाने पाळलं. पोरीचं उष्टावणही चमच्याने झालं. आईच्या बोटांनी कालवलेला घास शलाकाने उभ्या जन्मात खाल्ला नव्हता. आता ती स्वतःच पोटातल्या जिवाणूंची मोठी अभ्यासक झाली होती, यात नवल नाही.

उन्मेष मात्र अगदी साधा गडी. तो सावलीखात्यात होता. नागपूरच्या रस्त्यांवर उन्हाळाभर ताणलेली कापडी छतं फाटली की वर चढून टाके घालायचे, हे त्याचं काम. बोलघेवडा, गोडखाऊ आणि आळशी. सकाळी त्याला उठवायला बायकोच्या दोन हाका आणि एक धमकी लागे. शलाकाच्या ताटातली शेवटची पाटवडी तिच्या नाकासमोरून पळवायची, ती चिडली की अर्धी तिच्या तोंडात कोंबायची आणि मग कानाशी काहीतरी चावट कुजबुजायचं, हा त्यांचा रोजचा संसार. प्रयोगशाळेत जिच्यापुढे लोक चळचळा कापत, ती बाई घरी पाटवडीसाठी हमरीतुमरीवर येई. फार सुखात होती दोघं.

वैशाखात एके दुपारी उन्मेष छतावरून उतरला आणि शिडीच्या पायथ्याशी बसला, तो त्याला उठताच येईना. ऊनगळ झाली होती. वर्षानुवर्षांच्या उष्म्याने शरीरातल्या पेशी शक्ती बनवायचं काम सोडून देतात. आधी पाय गळतात, मग हात, शेवटी श्वास घेणारे स्नायू. सावलीखात्यातली कितीतरी माणसं त्यात गेली होती आणि औषध कुणाकडेच नव्हतं. शलाकाने त्या दिवसापासून घरी भांडणं सोडली आणि रात्रंदिवस प्रयोगशाळेला वाहून घेतलं.

आषाढात प्रणालीबाई जावयाला बघायला आल्या. येताना एका हातात पिवळ्या काठाचं ताट आणि दुसऱ्या हातात तरोट्याची जुडी.

तरोटा म्हणजे इतरत्र ज्याला टाकळा म्हणतात तो. पावसाळ्यात उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतीशी न पेरता उगवणारा. गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतो. फुलं यायच्या आत कोवळा पाला खुडायचा आणि भिजवलेली चण्याची डाळ, कांदा, भरपूर लसूण घालून परतायचा. वास उग्र, चव कडसर. पाला वाटून लावला तर नायटा बरा होतो आणि भाजलेल्या बियांचा काढा कॉफीसारखा लागतो, असं बाई सांगत. उन्मेषने ती भाजी लग्नानंतर एकदाच चाखली होती आणि "ही भाजी आहे की शिक्षा?" असं विचारून सासूला पोट धरून हसवलं होतं.

यावेळी जुडी बघताच शलाकाचे डोळे चमकले. ती नवऱ्याच्या उशाशी येऊन बसली.

"उन्मेष, रानपोट्यांना ऊनगळ होत नाही. सगळ्यांचं सांगत नाही, पण जे तरोटा खातात त्यांना कधीच नाही."

"म्हणजे औषध तरोट्यात आहे?"

"अर्धं. तरोट्यात एक द्रव्य आहे. आपल्या पोटातून ते जसंच्या तसं निघून जातं. आईच्या पोटातला एक जिवाणू मात्र ते मोडून त्याचं दुसरंच काहीतरी करतो, आणि ते पेशींना पुन्हा कामाला लावतं. दूध तरोट्याचं, विरजण आईचं."

"मग आण की विरजण बाटलीत भरून."

"आणून पाहिलं. मरतं. तो जिवाणू एकटा नांदत नाही, त्याला त्याचा सगळा गोतावळा लागतो. तो सगळा गोतावळा, त्याच्यासकट, आईच्या जिभेवरही राहतो. तिने कालवलेल्या, तिने तोंड लावलेल्या तरोट्याबरोबरच तो दुसऱ्याच्या पोटात जिवंत पोचेल. आधी औषधं देऊन तुझी बाग मोकळी करावी लागेल, कारण भरल्या बागेत रान शिरत नाही. आणि मग..." ती घुटमळली. "मग तुला रोज आईचं उष्टं खावं लागेल."

दारापाशी बसलेल्या प्रणालीबाई ताडकन उठल्या.

"काहीच्या बाही बोलू नोको शलू! जवाईबापूले माहं उष्टं? लोकं शेण घालतीन माह्या तोंडात. लग्नात ज्या मानसाचे पाय धुतले, त्याले उष्टं खाऊ घालू मी?"

"आई, जीव वाचेल त्याचा."

"तुले कधी घास भरवला नाही मी, तुह्या त्या बागेपायी. समोर वाटी ठेवायची अन् लांबून पाहायचं. अन् आता जवाईले भरवू?" एवढं बोलून बाईंनी पदर तोंडाला लावला. शलाका खाली मान घालून बसली. तिला हे कुणी आजवर सांगितलं नव्हतं आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

उन्मेषलाही कसंतरीच झालं होतं. बायकोच्या ताटात हात घालणं वेगळं आणि सासूच्या उष्ट्याला तोंड लावणं वेगळं. "पुरणपोळीवर नाही का होत हे?" असं त्याने विचारून पाहिलं, पण कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप त्याच्या बोटांतून सुटला आणि चहा छातीवर सांडला. तो हसला, पुसायला हात उचलायला गेला, तर हातही उठेना. प्रणालीबाई दारातून पाहत होत्या. त्या आत आल्या. शलाकाला एवढंच म्हणाल्या, "तुह्या औषधानं त्याचं पोट खाली कर." चार-सहा दिवसांनी ते झालं, तेव्हा त्यांनी तरोटा परतला, पिवळ्या काठाच्या ताटात भाकरीबरोबर कालवला आणि ते हातभर अंतर ओलांडून त्या जावयाच्या पलंगावर बसल्या.

"शलू, तू तिकडे पाहा." त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, एक घास स्वतः खाल्ला आणि त्याच बोटांनी दुसरा उचलला. "माफ करजा जवाईबापू."

एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलणाऱ्या उन्मेषने मुकाट्याने तोंड उघडलं.

श्रावणात तो उठून बसला. भाद्रपदात भिंत धरून चालला आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा छतावर चढला. आता तोही रानपोटा झाल्यामुळे त्याला वेगळं ताट सक्तीचं होतं. त्याने मोठ्या हौसेने स्वतःच काठ पिवळा रंगवला. शलाकाने त्याच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखं रडून घेतलं.

बदल हळूहळू जाणवू लागले. उन्मेष पहाटेच उठू लागला. गोड नकोसं झालं. तरोट्याचे दिवस सरल्यावर तो वाळवलेला पाला मागून खाऊ लागला. यावर दोघं खूप हसली. मग एके दिवशी ताटात शेवटची पाटवडी उरली, तेव्हा त्याने ती उचलून शलाकाच्या ताटात ठेवली.

"बरं वाटत नाही का तुला?" तिने विचारलं.

"खा गं तू. जेवतेस कुठे धड!"

तिला यायला उशीर झाला की तो खिडकीत उभा राही. प्रणालीबाई एकदा आल्या असताना त्यांनी ते पाहिलं. "मी बी अशीच उभी राहत होती," असं म्हणून त्या हसल्या, पण हसता हसता पुन्हा त्याच्याकडे निरखून पाहू लागल्या. तो शलाकाचे ओले केस पंच्याने खसाखसा पुसून देई. तिच्या तापाची नुसती शंका आली तरी तो रात्रभर तिच्या उशाशी बसून राही. झोपताना तो तिचा मुका घेई. कपाळाचा.

एका रविवारी शेवटी तिनेच विषय काढला.

"पोटापासून मेंदूपर्यंत एक मोठा मज्जातंतू जातो. जिवाणू त्यावरून सारखं काही ना काही वर कळवत असतात. काय खावंसं वाटावं, कशाने घाबरावं, कुणाला पाहून शांत वाटावं. आईच्या आठवणी त्यातून येत नाहीत, उन्मेष. पण माणसाचा जीव कसा लागतो, ते बदलत असावं."

"माझा लागत नाही का तुझ्यावर?"

"फार लागतो." तिने त्याचा हात धरला. "पण वर्षभरात तू माझ्याशी एकदाही भांडला नाहीस."

तो विचारात पडला. हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. "काढून टाकता येतं का हे?"

"येतं. सगळं धुऊन बाग पुन्हा पेरायची. मग ऊनगळ परत येईल."

"मग तू सांगशील तसं."

आधीचा उन्मेष असं बोललाच नसता. आधीचा म्हणाला असता, "मरतो की काय तुझ्या पाटवडीपायी!" शलाका त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "राहू दे."

त्याच उन्हाळ्यात, वैशाखात, प्रणालीबाई पिंपळटोल्यात दुपारच्या झोपेतच गेल्या. शलाका दिवसकार्य आटोपून परत आली, ती अन्नावरची वासनाच उडाल्यासारखी. दोन घास चिवडायची आणि उठायची. उन्मेषने सगळं करून पाहिलं, पाटवड्यासुद्धा.

आषाढात सावलीखात्याच्या गोदामामागे तरोटा उगवला. उन्मेषने कोवळा कोवळा पाला खुडून आणला, डाळ भिजवली, लसूण ठेचला. घरभर तो उग्र वास पसरला. भाकरी घेऊन तो सवयीने स्वयंपाकघराच्या दारापाशी बसला. तिथे बसायची सवय आपल्याला कधी लागली, हे त्याला सांगता आलं नसतं.

शलाका खोलीतून बाहेर आली. क्षणभर उभी राहिली आणि मग त्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून जमिनीवर बसली.

"थांब, तुझं ताट आणतो."

"नको. याच्यातलंच भरव."

"अगं, हे..."

"भरल्या बागेत रान शिरत नाही. मला काही होणार नाही." ती किंचित हसली. "पण भरव. हाताने."

त्याने भाकरी कुस्करली, तरोट्यात कालवली, एक घास स्वतः खाल्ला आणि त्याच बोटांनी दुसरा तिच्या तोंडाशी नेला. शलाकाने डोळे मिटून तो घेतला. ती सावकाश चावत राहिली. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं. घास गिळून तिने पुन्हा तोंड उघडलं आणि डोळे न उघडताच पुटपुटली, "अजून दे ना, आई."

उन्मेषचा हात थबकला. ती कुणाच्या हातून जेवते आहे, हे त्याला नीट कळलं. खरं तर नवरा म्हणून त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, पण तसं काही वाटेना. त्याला एवढंच वाटलं, की पोरगी फार वाळली आहे, आणि तो पुढचा घास जरा मोठा कालवू लागला.