भिंतीवरच्या तारखा

“उद्या पहाटे पाचला, मारुतीच्या पारावर! जो झोपला, तो राहिला!” गहिनीनाथनं फर्मान सोडलं.

“आन तूच झोपलास तर?” छबूनं विचारलं.

“मी? मी एक डोळा उघडा ठिवून झोपतो!”

“कशावरून?”

नीलांबरीनं विचारलं आणि तिघंही खो-खो हसत सुटली. ‘कशावरून?’ हा हेमगुरुजींचा शब्द होता! वर्गात कुणी सहज म्हणालं, “गुरुजी, आज लई ऊन हाय,” की लगेच प्रश्न यायचा, “कशावरून?” मग सावली मोजा, वहीत लिहा, कालच्या आकड्याशी ताडून बघा आणि मगच बोला! गहिनीनाथ तर म्हणायचा, “गुरुजींना जेवायला वाढलं तर ते भाकरीला पण इचारतील, तू भाकरीच कशावरून?”

१९७३ सालचा मे महिना नुकताच उजाडला होता. सकाळी झेंडावंदन झालं, निकाल हाती पडला आणि तिघंही सहावीतून सातवीत गेली. जामखेडपासून सात कोसांवरच्या पिंपळदऱ्यात त्या वर्षी दुष्काळानं नुसता धुरळा उडत होता. पण टेकडीच्या मागच्या अंगाला अजून थोडी करवंदं शिल्लक आहेत, अशी पक्की बातमी गहिनीनाथनं आणली होती.

“नीलांबरी!” वर्गातून हाक आली. “खळीची वाटी जरा धर बरं.”

हेमगुरुजी म्हणजे नीलांबरीचे वडील, तिचे अण्णा. स्टुलावर चढून ते वर्गाच्या मागच्या भिंतीवर वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी चिकटवत होते. भिंतीला वरपासून खालपर्यंत एक भेग गेली होती. तिच्यावर अशा सहा पट्ट्या आधीच आडव्या लावलेल्या होत्या. ही सातवी.

“अण्णा, सुट्टी लागली ना आता! सगळे खोळंबलेत माझ्यासाठी.”

“बरं, जा. मी करतो.”

ते वळले नाहीत. पट्टी पक्की बसावी म्हणून त्यांनी ती अंगठ्यानं दाबून धरली होती. नीलांबरी उड्या मारत बाहेर पळाली.

दुसऱ्या दिवशी करवंदांनी ओचा भरून ती टेकडी उतरली, तेव्हा घरासमोर माणसं उभी होती.  एक ट्रक उभा होता आणि त्यात अण्णांची सायकल होती.

“गुरुजींना ऊन लागलं,” कुणीतरी हळूच म्हणालं. “जामखेडात एस्टी स्टँडपाशीच पडले.”

नीलांबरीला ते शब्द नीट ऐकू आले, पण त्यांचा अर्थ लागेना. करवंदांच्या चिकानं तिची बोटं एकमेकांना चिकटली होती. ती सोडवत ती तशीच उभी राहिली.

नंतरचे दिवस तिला एकसारखेच वाटले. आई मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसे. कधीतरी मध्येच ती म्हणे, “शाळेला सुट्टी लागली होती. मग एवढ्या उन्हात कसलं काम होतं त्यांना जामखेडला?” 

अठरा तारखेला सरपंच काकासाहेब घरी आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, “वहिनी, कसं बोलू कळंना. उद्या आमच्या लेकीचं, रतनचं लगीन. वऱ्हाड शाळेत उतरवायचं हाय. गुरुजींचं सामान तेवढं काढून घेतलं तर बरं हुईल.”

दर उन्हाळ्यात गावातल्या लग्नांची वऱ्हाडं शाळेतच उतरत. आईनं मान हलवली. नीलांबरीनं खुंटीवरची किल्ली घेतली. बाहेर गहिनीनाथ आणि छबू तिची वाटच बघत होती. इतके दिवस ती दोघं रोज येत आणि ओट्यावर बसून परत जात.

वर्ग उघडला आणि छबू किंचाळली, “अगं बया! ह्या कोनी फाडल्या?”

सातही पट्ट्या मधोमध फाटलेल्या होत्या! प्रत्येकीवर अण्णांच्या बारीक अक्षरात तारीख होती. सातव्या पट्टीचे दोन तुकडे तर एकमेकांपासून बोटभर लांब गेले होते.

“पोरांनी फाडल्या असतील,” छबू म्हणाली.

“शाळेला कुलूप हुतं. किल्ली हिच्या घरी!” गहिनीनाथ म्हणाला. “पाल असंल.”

“पाल कागद फाडते? कशावरून?”

गहिनीनाथ हसणार होता, पण नीलांबरीकडे बघून गप्प बसला. ती मात्र भिंतीच्या अगदी जवळ गेली होती.

“आपण नवी पट्टी लावून बघू,” ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती एवढं बोलली होती. “एक भेगेवर आणि एक तिकडे, धड भिंतीवर. खळ वाळताना कागद आपोआप फाटत असेल, तर दोन्ही फाटतील.”

छबूनं घरून खळ आणली. चार वाजता दोन्ही पट्ट्या लावून झाल्या. नीलांबरीनं त्यांवर तारीख आणि वेळ लिहिली, खिडक्यांना आतून कड्या घातल्या आणि दाराला कुलूप लावलं. तिघंही पायरीवर ठाण मांडून बसली. एक चिमणीसुद्धा आत गेली नाही!

सहा वाजता शाळेमागच्या विहिरीवरून आरोळी आली, “बार हाय! बार हाय! लांब व्हा!” सूर्यभानची टोळी विहीर खोल करत होती; फेब्रुवारीपासून रोज दोनदा, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला, सुरुंगाचे बार उडत. धडाड्! पायरीखालची जमीन हादरली आणि पत्रे खडखडले.

नीलांबरीनं कुलूप काढलं.

धड भिंतीवरची पट्टी जशीच्या तशी होती. भेगेवरची फाटली होती!

“आयला!” गहिनीनाथ पुटपुटला. “कागद न्हाई, भिंतच सरकती!”

छबूनं अण्णांच्या टेबलाचा खण ओढला. आत खडू होते, एक चाकू आणि एक पातळ वही होती. वहीत प्रत्येक पट्टीची तारीख होती, सुरुंगाच्या बाराची वेळ होती, भेगेची रुंदी होती. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: ‘२ मे. जामखेडला जाऊन शाळाखात्याच्या साहेबांना समक्ष सांगणे. जूनपूर्वी भिंत उतरवलीच पाहिजे.’

नीलांबरीनं ती ओळ दोनदा वाचली.  ती बाकावर बसली. आईच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या हातात होतं.

“नीले,” छबू हळूच म्हणाली, “उद्या त्या भिंतीखाली पन्नास मानसं उतरनार हायत.”

तिघंही उठली आणि धावतच काकासाहेबांच्या मांडवात गेली. काकासाहेब आचाऱ्याशी हुज्जत घालत होते. त्यांनी वही उघडली, दोन पानं उलटली आणि मिटली.

“गुरुजी देवमानूस. पन लई भित्रा जीव! अगं, पन्नास वर्सं उभी हाय ती भिंत. पडत न्हाई!”

“कशावरून?” छबूच्या तोंडून निघून गेलं.

 सरपंचांना असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“लई शानी झालीस व्हय? पन्नास मानसं ठिवू कुठं? तुझ्या दप्तरात?”

“मग निदान उद्या बार तरी थांबवा, काका,” नीलांबरी म्हणाली.

“आन पानी कोन देनार?” बाजूला उभा असलेला सूर्यभान उसळला. “बायका तीन-तीन मैल हंडे वाहत्यात. दोन हातांवर झरा आलाय!”

काकासाहेबांनी हात पुढे केला. “आन ती किल्ली हिकडं.”

नीलांबरीनं किल्ली दिली. अंधार पडायच्या आत वर्ग झाडून झाला, सतरंज्या अंथरल्या गेल्या आणि थेट मागच्या भिंतीला लावून पाण्याचे रांजण मांडले गेले.

तिघं पारावर जाऊन बसली. नीलांबरीनं आईला सांगून बघितलं होतं. “आत्ता नको गं,” एवढंच आई म्हणाली होती.

“कुलपात माती भरू,” गहिनीनाथ म्हणाला.

“कुलूप तोडतील.”

“मग मी दारात आडवा पडतो!”

“तुला उचलून टाकतील. वजन किती तुझं?” छबू म्हणाली आणि एकदम थांबली. “आमच्या बाळ्याला गोवर आला हुता, तवा दाराला आयनं कडुलिंब बांधला. सख्खी मावशी आली, तर ती बी बाहेरूनच गेली!”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. घरात देवी किंवा गोवर आला की दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधायचे, आणि ते दिसले की परक्या माणसानं आत पाऊल टाकायचं नाही, ही सगळ्या मुलखाची रीत होती.

“पण हे खोटं बोलणं होईल,” नीलांबरी म्हणाली.

“बोलायचं कुठं? बांधायचं हाय!” छबू म्हणाली. “आन खरं बोलून झालंय आपलं.”

दुसऱ्या दिवशी गाव मांडवात गुंतलं होतं. शाळेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गहिनीनाथ झाडावरून डहाळे तोडून खाली टाकत होता, छबू आणि नीलांबरी ते दाराच्या चौकटीला बांधत होत्या. साडेअकराच्या सुमारास धुरळ्याचा लोट उडवत राहात्याहून आलेला वऱ्हाडाचा ट्रक शाळेपुढे थांबला. तरण्या करवल्या हसत-खिदळत उतरल्या, आणि सगळ्यात पुढची म्हातारी चौकटीकडे बघून जागच्या जागी थिजली.

“आगं आई! आत देवी निघाल्यात! मागं फिरा! लेकरं उचला!”

एकच गलका! बघता बघता सगळं वऱ्हाड पलीकडच्या चिंचेखाली गेलं. नवऱ्याचे वडील श्रीमंतराव संतापानं लाल झाले. “व्याह्यांना बोलवा! रोगाच्या घरात उतरवतात आम्हाला?”

काकासाहेब धोतराचा सोगा सावरत धावत आले. “कसली देवी? कुनाला देवी? ही त्या कारट्यांची करनी! थांबा, मीच आत जाऊन दाखवतो!”

त्यांनी डहाळे ओरबाडले. कुलूप काढलं.

“काका, नका जाऊ!” नीलांबरी पायरीवर आडवी उभी राहिली. “बारा वाजायला आलेत! बार होऊ द्या, मग जा! एवढंच थांबा!”

“सरक बाजूला!”

“नाही सरकणार!”

“बार हाय! बार हाय!” मागून आरोळी आली. गहिनीनाथ आणि छबूनं दोन्हीकडून काकासाहेबांचे हात धरले आणि मागं ओढले. धडाड्!

क्षणभर काहीच झालं नाही. काकासाहेबांनी हात झटकले. “बघा! कुठं काय...”

आत खडी ओतल्यासारखा आवाज झाला. मग कडाड् करून वासा मोडला, मागची भिंत आत कोसळली आणि तिच्यामागोमाग पत्रे खाली आले. दारातून धुळीचा लोट बाहेर आला. चिंचेखालची लेकरं एकदम रडायला लागली. मोठी माणसं मात्र दगडासारखी उभी होती.

धूळ बसली तेव्हा सतरंज्या दिसत नव्हत्या. रांजणांचं पाणी मातीतून वाट काढत पायरीपर्यंत आलं होतं.

काकासाहेब मटकन खाली बसले. त्यांनी डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला. ते म्हणाले, “पोरी, काल तू वही दावलीस. मी दोन पानं बी वाचली न्हाईत.” मग धावत आलेल्या सूर्यभानकडे वळून म्हणाले, “आजपासून हितले बार बंद. दुसरीकडनं खांदू.”

सूर्यभाननं मान डोलावली. म्हातारीनं येऊन छबूच्या आणि गहिनीनाथच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. “आमची लेकरं वाचवलीत रं सोन्यांनो!”

श्रीमंतरावांनी सगळी हकीकत ऐकली. पट्ट्या, तारखा, दोन भिंती, सगळी. ऐकताना त्यांचे डोळे पाणावले.

“पोरं हायत का कोन! एवढी अक्कल ह्यांना दिली कोनी?” ते मोठ्यानं म्हणाले. “कोन तुमचे गुरुजी? बोलवा त्यांना! माझ्या पोराच्या डोक्यावर पयल्या अक्षता त्यांच्याच हातच्या पडल्या पायजेत!”

कुणीच हललं नाही. काकासाहेब जमिनीकडे बघत राहिले. छबू सरकून नीलांबरीजवळ आली.

“अहो, बोलवा की! गावातच असतील ना?”

गेल्या सतरा दिवसांत गावानं नीलांबरीसमोर नाना तऱ्हेनं ते सांगितलं होतं. गुरुजी गेले. गुरुजींना देवानं नेलं. तिनं स्वतः मात्र एकदाही ते तोंडानं उच्चारलं नव्हतं. आईपाशी नाही, छबूपाशीसुद्धा नाही. उच्चारलं तर ते खरं होईल, असं तिला वाटत होतं.  ती पायरीवरून एक पाऊल पुढे आली.

“त्यांना बोलावता येणार नाही,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “ते माझे अण्णा होते. ते वारले.”